आधी कान, मग गळा, मग वही

जुलै उजाडला आणि शाळांची वेळापत्रकं हातात पडली, की जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या मराठी घरांत एक चौकशी हमखास सुरू होते: "गाण्याचा चांगला क्लास आहे का हो जवळपास?" क्लास सापडतो. पेटी येते, दोनशे पानी वही येते. गणपतीपर्यंत उत्साह टिकतो आणि दिवाळीनंतर मूल पोटदुखीची कारणं सांगू लागतं. आईवडील म्हणतात, त्याला आवडच नाही. शिकवणारे म्हणतात, घरी रियाज होत नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य असतं, पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. पहिल्याच तासाला मुलाकडून आरोह-अवरोह लिहून घेतला जातो, नाद आणि श्रुती यांच्या व्याख्या पाठ करायला दिल्या जातात, आणि स्वर कानावर पडायच्या आधीच त्याचं नाव वहीत जाऊन बसतं.

गाणं आधी कानात, मग गळ्यात किंवा हातात आणि सगळ्यात शेवटी कागदावर, हा क्रम सांभाळला तर पाच ते बारा वर्षांच्या जवळजवळ कुठल्याही मुलाला शिकवता येतं. घरच्या पुढच्या खोलीत चार-सहा मुलं घेऊन बसणाऱ्या ताई-सरांसाठी आणि त्यांच्याकडे मूल सोपवणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे.

थोरांनी काय केलं

आपल्या प्रांतात या कामाची परंपरा मोठी आहे. वकिलीची सनद असलेले मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे गावोगाव फिरून बंदिशी गोळा करत राहिले. त्यांच्याच आखणीवर ग्वाल्हेरात १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. जबलपुरातही त्यांच्या नावाचं संगीत महाविद्यालय आहे. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांमुळे भातखंडे म्हणजे पुस्तकी संगीत, असा समज होऊन बसला आहे. पण याच माणसानं लक्षणगीतं रचली. रागाचे स्वर कोणते, वादी-संवादी कोणते, गाण्याची वेळ कोणती, हे सगळं त्या रागातच गाऊन सांगणारी ही गीतं. म्हणजे शास्त्रसुद्धा आधी गळ्यात बसावं, ही त्यांचीच युक्ती. ती आज वर्गात फारशी वापरली जात नाही, हा आपला करंटेपणा.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वर्ग, इयत्ता, ठरलेली फी, ठरलेला अभ्यासक्रम अशी गाण्याची रीतसर शाळा त्यांनी चालवली आणि लहानांसाठी ‘संगीत बालप्रकाश’ ही वेगळी पुस्तकं काढली. मोठ्यांचं गाणं लहान करून दिलं की ते मुलांचं होत नाही, मुलांसाठी वेगळी मांडणी करावी लागते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

तिसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं, जबलपूर-सतना रेल्वेमार्गावरच्या मैहरचं. १९१८ च्या सुमारास साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर बँड उभा केला. अक्षरओळख नसलेल्या मुलांना त्यांनी ऐकवून ऐकवून वाजवायला शिकवलं. वाद्यं कमी पडली तेव्हा बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. महागडी वाद्यं आणि लिखित स्वरलिपी यांच्यावाचूनही मुलं एकत्र, सुरात वाजवू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. खाँसाहेबांचा संतापही तितकाच प्रसिद्ध होता. त्यांच्याकडून शिकवण्याची चिकाटी घ्यावी. छडी मैहरलाच राहू द्यावी.

पट्टी मुलाची, शिक्षकाची नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान पट्टीमुळे होतं. शिकवणारे सर असतील तर ते आपल्या सोयीनं काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. ती पट्टी मुलांसाठी अडनिडी. खालच्या सप्तकात गेलं तर आवाज पुटपुटल्यासारखा होतो, वरच्या सप्तकात गेलं तर तार षड्जापर्यंत पोचताना मानेच्या शिरा ताणल्या जातात. वयात न आलेल्या मुला-मुलींना साधारण काळी चार ते काळी पाच सोयीची पडते. एखाद्याला आणखी वरची, पांढरी एकही मानवते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन पट्ट्यांत साधं गाणं म्हणून घ्या. ज्या पट्टीत मूल न ओरडता, न कुजबुजता गातं, ती त्याची पट्टी.

पुरुष शिक्षकांना आणखी एक अडचण येते. जाड आवाजातला सा ऐकून लहान मुलाला नेमका कुठल्या सप्तकात लावायचा ते उमजत नाही. अशा वेळी गटातल्या सुरेल मुलीला आधी म्हणायला सांगा आणि बाकीच्यांना तिच्यामागून म्हणू द्या. मुलं मुलांचा सूर चटकन पकडतात.

मुलगे बारा ते पंधराच्या दरम्यान असताना त्यांचा आवाज फुटतो. त्या काळात गाणं बंद करायचं कारण नाही, पण पट्टी उतरवायला हवी आणि तार सप्तकाचा हट्ट सोडायला हवा. गॅदरिंगच्या तालमीनंतर कुठल्याही मुलाचा आवाज बसला तर दोन-चार दिवस गाण्याला सुट्टी द्यावी. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. ‘रियाजानं सुटेल’ म्हणून अशा गळ्याला राबवू नये.

चाळीस मिनिटांचा तास

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा तास चाळीस मिनिटांहून मोठा नको आणि त्यात एकच गोष्ट दहा मिनिटांहून जास्त नको. गट सहा ते आठ जणांचा असावा. एक साधी आखणी पाहा.

पहिली तीन मिनिटं फक्त तानपुरा. तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, फक्त तो छोट्या स्पीकरला जोडा. मुलं येतील, चपला काढतील, बसतील, तेव्हा तो आधीपासून चालू असावा. कुणालाही ‘गप्प बसा’ म्हणावं लागत नाही. मुलं तोंड मिटून, गुणगुणत सा लावतात.

पुढची पाच मिनिटं नक्कल. तुम्ही दोन-तीन स्वरांचा तुकडा आकारात म्हणा, मुलांनी तसाच परत करायचा. स्वरांची नावं सांगू नका. कधी हळू म्हणा, कधी ठसक्यात, कधी मुद्दाम खूप लांबवा. तुम्ही ज्या ढंगानं म्हणाल त्याच ढंगानं परत आलं पाहिजे. इथे कान तयार होतो.

मग सात-आठ मिनिटं लय. याविषयी पुढे सविस्तर सांगतो. त्यानंतर दहा मिनिटं नवं गाणं. आधी तुम्ही सबंध गाणं एकदा म्हणून दाखवा. मुलं ऐकतील, त्यातला कुठला शब्द दोनदा आला एवढंच शोधतील. मग एक-एक ओळ. एका तासाला दोन ओळी पुष्कळ झाल्या.

मग आठ मिनिटं एकेकट्याचं गाणं. गटात दडून बसणारं मूल इथे सापडतं. सगळं गाणं नको, प्रत्येकानं एकच ओळ म्हणायची आणि ती सुरातच पुढच्याकडे सोपवायची. शेवटची पाच-सहा मिनिटं मुलांच्या पसंतीची. सिनेमातलं गाणं म्हणू द्या, नाक मुरडू नका. त्यातला एखादा सोपा तुकडा त्यांच्याकडूनच पेटीवर शोधून घेतला, तर नकळत स्वरज्ञानाचा पाठही होऊन जातो.

वही यात कुठेच नाही. घरी जाताना पाठीमागच्या पानावर गाण्याचे शब्द लिहून द्यायला हरकत नाही. स्वरलिपी साधारण वर्षभरानंतर, आणि तीही मुलाला पाठ असलेल्या गाण्याची. जे गळ्यात आहे ते कागदावर कसं दिसतं, याचं मुलाला खरोखर नवल वाटतं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब ही भातखंडे पद्धतीची चिन्हं मग एका तासात समजतात. पलुसकर पद्धतीची चिन्हं वेगळी आहेत. मूल ज्या परीक्षेला बसणार असेल तिची पद्धत निवडा आणि दोन्हींची खिचडी करू नका.

पहिला राग: भूप

सुरुवात भूपानं करणं सोयीचं. सा रे ग प ध, पाचच स्वर आणि सगळे शुद्ध. मध्यम-निषाद नसल्यामुळे अर्ध्या स्वराच्या अडचणीच्या जागा येत नाहीत, त्यामुळे मूल चुकलं तरी फार बेसूर होत नाही. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिच्यातही पंचस्वरी लोकगीतांना पहिलं स्थान आहे आणि प्रत्येक स्वरासाठी हाताची एक खूण आहे. भूप आपल्याकडे आयता आहे. खुणा आपण करू शकतो: सा पोटाशी, रे छातीशी, ग खांद्याशी, प कानाशी, ध डोक्याशी आणि तार सा हात उंच करून. स्वर वर चालला की हात वर जातो. मुलाला चढ-उतार दिसू लागतो.

भूपाचा साधा पलटा घ्या: सारेग, रेगप, गपध, पधसां. उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा. हाच पलटा पन्नास वेळा घोटून घेतला तर मुलं जांभया देतात. त्याचे खेळ केले तर मुलंच ‘आणखी एकदा’ म्हणतात. पहिला खेळ ‘मधला गप्प’. तिघांपैकी मधला स्वर मनात म्हणायचा, तोंडानं नाही: सा, गप्प, ग. रे, गप्प, प. हाताची खूण मात्र तिन्ही स्वरांची करायची. जो स्वर म्हटलाच नाही तो मनात नेमका लागला की नाही, हे पुढचा स्वर बरोबर लागला यावरून कळतं. तोंडानं न म्हणता स्वर मनात ऐकणं ही गवयाची खरी कमाई. तिचा पाया सातव्या वर्षी असा खेळात घालता येतो.

दुसरा खेळ ‘चोर’. तुम्ही पलटा म्हणता म्हणता एका जागी मुद्दाम चुकीचा स्वर घालायचा. ज्याला तो सापडेल त्यानं हात वर करायचा आणि बरोबर स्वर म्हणून दाखवायचा. मुलांना शिक्षकांची चूक पकडायला फार आवडतं. आपणही ती जरा थाटात करावी.

भूप बसला की दुर्गा, मग यमन. यमनात तीव्र मध्यम आला की त्याची हाताची खूण मुलांनाच शोधू द्या. वर्षभरात तीन राग आणि प्रत्येकात एक सरगमगीत, एक लक्षणगीत, एक छोटी बंदिश एवढं झालं तर ते भरपूर आहे.

लय पायात उतरवा

ताल शिकवताना बोटांच्या पेरांवर मात्रा मोजण्यापासून सुरुवात करू नका. ते दुसऱ्या वर्षाचं काम. आधी मुलांना चालवा. खोलीत गोलाकार चाललं की प्रत्येक पाऊल एक मात्रा. मग दर पावलाला दोन टाळ्या, ही झाली दुगुन. मग दोन पावलांना एक टाळी. ‘बराबर’ आणि ‘दुगुन’ हे शब्द मुलांच्या अंगात आधी येतात, कानावर नंतर.

सहा मात्रांचा दादरा (धा धी ना, धा ती ना) आणि आठ मात्रांचा केरवा (धा गे ना ती, ना क धि न) आधी तोंडानं पढंत करून घ्या. मराठी घरातल्या मुलाच्या कानात केरवा असतोच. आरत्या आणि भजनं त्याला दिलेली शिदोरी आहे. आरतीच्या टाळांतली सम कुठे पडते ते त्याला शोधू द्या. तीनताल नंतर. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला रिकामा हात. ही खाली मुलं नीट सांभाळतात, कारण तिथे टाळी न वाजवण्याची गंमत असते.

समर्थांच्या मनाच्या श्लोकांचा एक उपयोग फार कुणी करत नाही. ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात लघु-गुरु-गुरु असा यगण चार वेळा येतो, म्हणजे पाच-पाच मात्रांचे चार गट, एकूण वीस मात्रा. दर गटाच्या सुरुवातीला एक टाळी देत श्लोक म्हणायला लावा. झपतालाची खंडांची वाटणी निराळी असली, तरी दहा मात्रांत ‘पाच आणि पाच’ कसे नांदतात याचा अंदाज मुलाला येतो. पुढे झपताल शिकताना मोठी मुलंसुद्धा अडखळतात तिथे हे मूल अडखळत नाही.

‘याला सूरच नाही’ म्हणण्याआधी

दर गटात एखादं मूल एकाच स्वरावर बोलल्यासारखं गातं. त्याला ‘तू नुसतं तोंड हलव’ असं सांगणं हा संगीतशिक्षणातला सर्वांत निर्दय सल्ला आहे. असं ऐकलेली मोठी माणसं साठाव्या वर्षीही आरतीत ओठ मिटून उभी राहतात. लहानपणी सुरात न गाणाऱ्या बहुतेक मुलांत काही दोष नसतो. कुणी गाणं पुरेसं ऐकलेलं नसतं, कुणाची पट्टी चुकलेली असते, कुणी घाबरलेलं असतं आणि कुणाला बोलण्याचा व गाण्याचा आवाज यांतला फरक अजून सापडलेला नसतो.

उपाय साधा आहे, वेळ मात्र लागतो. आधी त्या मुलाला हवा तो एक स्वर लांबवायला सांगा. तुम्ही तो स्वर पकडा आणि त्याच्यासोबत गा. दोन आवाज एक झाले की कसं वाटतं, हे त्या मुलाला कदाचित पहिल्यांदाच कळतं. मग त्या स्वरापासून अर्धी-अर्धी पायरी सरकत दोघं मिळून षड्जापर्यंत या. म्हणजे इथे आधी शिक्षकानं मुलाच्या सुरात जायचं आणि मग मुलानं शिक्षकाच्या.

आवाज वरखाली हलवायला शिकवायचा असेल तर स्वरांची नावं विसरा. मदनमहाल स्टेशनावरून इंजिनाची शिट्टी ऐकू आली, की तशी लांब शिट्टी तोंडानं काढायला सांगा. कोकीळ ओरडतो तसं खालून वर सरकायला सांगा. भंवरताल बागेत सकाळी मुलांना घेऊन जा आणि डोळे मिटून पाच वेगवेगळे आवाज मोजायला सांगा. त्यातला सर्वांत उंच कुठला, सर्वांत खालचा कुठला, हे ओळखणं म्हणजेच स्वरज्ञानाची पहिली इयत्ता.

कौतुकही नेमकं असावं. ‘वा, छान’ या शब्दांतून मुलाला काहीच मिळत नाही. ‘तिसऱ्या ओळीतला धैवत आज पहिल्याच वेळी लागला’ हे वाक्य मूल घरी जाऊन आजीला सांगतं. चूकही एका वेळी एकच दाखवावी. सूर, शब्द, ताल आणि बसण्याची पद्धत हे सगळं एकाच वाक्यात सुधारायला गेलं की मूल गायचंच थांबतं.

पेटी, तबला, कीबोर्ड

पेटी चांगली साथीदार आहे, पण वाईट मालकीण. मूल गाताना प्रत्येक स्वर पेटीवर वाजवला तर ते पेटीला टेकून चालायला शिकतं. गाताना तानपुरा चालू ठेवा आणि पेटी फक्त पडताळणीसाठी वाजवा: आधी मुलानं ग म्हणावा, मग पेटीवर ग दाबून बघावा. पेटी शिकायचीच असेल तर डाव्या हातानं भाता सहज ओढता येईल एवढं वय आणि एवढी उंची हवी. लहान मुलाला उशीवर बसवावं. बोटं पहिल्या दिवसापासून सगळी वापरू द्यावीत. दोन बोटांनी वाजवण्याची सवय लागली की पुढे तानेच्या वेळी ती आडवी येते.

तबल्यासाठीही आधी तोंड आणि मग हात. ‘तिरकिट’ जिभेवर सफाईनं आल्याशिवाय बोटांकडून मागू नका. लहान हातांना लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला पेलतो. आपल्याकडचं हवामानही ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात ओलीनं पुडी सैल पडून तबला उतरतो, मे महिन्यात चढतो, पण पेटी आहे तिथेच असते. तासाआधी दोन मिनिटं तबला मिळवून घ्या. उतरलेल्या तबल्यासोबत महिनाभर गायलेल्या मुलाच्या कानाला पुढे बरोबर सूरच चुकीचा वाटू लागतो.

आजकाल बऱ्याच घरांत आधी कीबोर्ड येतो. तोही चालेल, फक्त आपोआप वाजणारा ठेका बंद ठेवा, म्हणजे लय मुलानं स्वतः सांभाळायला शिकावं. पट्टी बदलण्याचं बटणही पहिलं वर्षभर झाकून ठेवा.

घरचा रियाज

रविवारी एक तास बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं मोलाची. ती केव्हा, हे आधीच ठरलेलं असलं की रोजची ओढाताण टळते. ज्या घरात अजून दिवेलागणीला शुभंकरोती म्हटली जाते, तिथे ती वेळ तयारच आहे. दिवा लावला की दोन मिनिटं सा, तीन मिनिटं पलट्याचा एखादा खेळ, पाच मिनिटं चालू गाणं. बस. जपानचे व्हायोलिन-शिक्षक शिनिची सुझुकी मुलाच्या तासाला आईलाही बसवत, तिला आधी थोडं वाजवायला शिकवत, आणि जे गाणं शिकायचं त्याचं ध्वनिमुद्रण घरी रोज लावायला सांगत. मूल मातृभाषा ऐकत ऐकत शिकतं तसंच संगीतही शिकेल, ही त्यांची धारणा होती. आपल्या क्लासमधल्या ताईंचा आवाज फोनवर मुद्रित करून घ्या आणि शाळेत जाताना गाडीत लावा. रियाजाचा निम्मा भार तिथेच हलका होतो.

आईवडिलांनी या दहा मिनिटांत ऐकायचं. दुरुस्ती करायची नाही, तो शिक्षकांचा भाग. दर महिन्याला एका मिनिटाचं मुद्रण करून ठेवा. तीन महिन्यांनी मुलाला पहिलं आणि शेवटचं ऐकवा. स्वतःची प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकलेलं मूल सहसा गाणं सोडत नाही. हे मुद्रण घरातच राहू द्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते गेलं की मूल लोकांसाठी गाऊ लागतं.

मराठी गाणं, हिंदी शाळा

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या काळापासून स्थायिक झालेल्या कुटुंबांतली आजची मुलं शाळेत आणि मैदानावर हिंदी बोलतात, घरी मराठी ऐकतात. त्याचा एक फायदा होतो. ब्रज भाषेतल्या बंदिशींचे शब्द पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा यांना लवकर उमगतात. अडचण मराठी गाण्यात येते. ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, ‘कमळ’चं ‘कमल’ होतं, ‘चांदणं’ आणि ‘चहा’ यांतल्या च मधला फरक पुसला जातो. याबद्दल मुलांना टोचून बोलू नका. गाणं हीच त्यावरची उत्तम दवा आहे. गाताना अक्षर लांबतं, जीभ कुठे लागते ते मुलाला जाणवतं. हादग्याच्या गाण्यांत आणि बडबडगीतांत ळ पुष्कळ असतो. महिन्याला एक असं गाणं घेतलं की ळ वर्षभरात जागेवर येतो.

इथल्या मातीतलं गाणंही वर्गात आणावं. संक्रांतीला नर्मदेवर जाणारे लोक वाटेनं बंबुलिया गातात. लांब, ताणून धरलेल्या सुरांचं हे बुंदेली गाणं मुलांनी ग्वारीघाटावर जाऊन प्रत्यक्ष ऐकलं, तर श्वास पुरवून सूर कसा लांबवायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

परीक्षा आणि कार्यक्रम

गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका ही वाट असो, की खैरागढच्या विद्यापीठाची, परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त येते हे खरं. पण पहिल्या वर्षी मुलाला परीक्षेला बसवू नका. दुसऱ्या वर्षी, दहा-बारा गाणी पाठ झाल्यावर बसवा. तेव्हा अभ्यासक्रम हा मुलाला आधीच येणाऱ्या गोष्टींचा हिशेब ठरतो. व्याख्या पाठ करून मिळालेल्या प्रथम श्रेणीची चौकट भिंतीवर छान दिसते, पण ‘भूप गाऊन दाखव’ म्हटल्यावर मूल आईकडे बघतं, हे दृश्य काही नवं नाही.

मुलांना पुढे दिसणारी तारीख लागते. ती परीक्षेची नसून गाण्याची असली तर उत्तम. वर्षाचा आराखडा सणांवर बांधा: गुरुपौर्णिमेला एकेक ओळ, गणेशोत्सवात समूहगीत, नवरात्रात भोंडला, कोजागरीला गच्चीवर प्रत्येकाचं एक गाणं, माघात नर्मदा जयंतीला एक भजन. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, तेव्हा नवं काही नको, फक्त दिवेलागणीची दहा मिनिटं. कार्यक्रमात सगळ्यांना गाऊ द्या. उत्तम गाणाऱ्या दोघांनाच माइकसमोर उभं केलं, की बाकीच्यांना त्या दिवशी आपली जागा कळते आणि पुढच्या महिन्यात ती मुलं येत नाहीत.

क्लास निवडताना

पालकांनी शिक्षकांच्या पदव्या पाहाव्यात, पण त्याआधी एक तास कोपऱ्यात बसावं. चाळीस मिनिटांपैकी मुलांचं तोंड किंवा हात किती वेळ चालले आणि शिक्षकांचं बोलणं किती वेळ चाललं, एवढंच मनात मोजा. मुलं निम्म्याहून जास्त वेळ गात-वाजवत असतील तर क्लास चांगला. मुलं लिहीत बसली असतील तर दुसरा बघा. चुकलेल्या मुलाशी शिक्षक कसे वागतात तेही तिथेच कळतं.

क्लासवरून आल्यावर "आज काय शिकवलं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "काही नाही" असंच येतं. "आजची ओळ म्हणून दाखव" म्हणा, आणि ती ऐकताना हातातला फोन बाजूला ठेवा. मूल कधीतरी क्लास सोडतो म्हणेल. तेव्हा लगेच हो म्हणू नका आणि सक्तीही करू नका. सहा आठवडे फक्त त्याच्या आवडीची गाणी, परीक्षा नाही, पलटे नाहीत, असं शिक्षकांशी बोलून ठरवा. त्यानंतरही मन रमलं नाही तर खुशाल थांबवा. तोवर पाच-पंचवीस गाणी आणि सुराची ओळख पदरात पडलेली असते, ती कुठे जात नाही. बाराव्या वर्षी गाणं सोडलेली कितीतरी मुलं कॉलेजात गिटार घेऊन परत आलेली आहेत, आणि कान तयार असल्यामुळे त्यांना गिटार मिळवायला दुसऱ्याकडे जावं लागत नाही.